'को' आला की सगळे झुकतात

नोकरीसाठी इंदूरला गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात मला रजेचा अर्ज हिंदीत लिहावा लागला. मी लिहिले, 'मेरा छोटा बेटा को तेज़ बुखार होने के कारण मैं कल कार्यालय नहीं आ सकूँगा.' अर्ज ज्यांच्या हातात पडला ते सहकारी वयाने बरेच मोठे होते आणि हिंदीच्या बाबतीत अतिशय काटेकोर होते. त्यांनी पेन्सिल काढली, पहिल्या तीन शब्दांच्या शेवटचे काने खोडले, तिन्हींवर मात्रा दिल्या, आणि 'मेरे छोटे बेटे को' असे मला मोठ्याने वाचून दाखवले. मग ते म्हणाले, "को आया, तो सब झुकेंगे." रजा मिळाली, ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून पुढची कित्येक वर्षे गेले नाही.

खरे तर ही चूक मराठी माणसाच्या हातून होऊ नये. 'माझा छोटा मुलगाला ताप आहे' असे मी झोपेतही म्हटले नसते. 'माझ्या छोट्या मुलाला' हे बदल मराठीत आपल्याकडून आपोआप होतात, आणि त्याला सामान्यरूप म्हणतात हे आपण शाळेत घोकलेलेही असते. हिंदीत नेमकी तीच गोष्ट आहे. तिकडचे व्याकरणकार तिला विकृत रूप किंवा तिर्यक रूप म्हणतात. तिर्यक म्हणजे तिरके, कललेले. ज्या शब्दांमुळे हे कलणे घडते त्या 'ने, को, से, का, में, पर' या शब्दांना परसर्ग म्हणतात. आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जे काम करतात तेच काम हे परसर्ग करतात. मग घरचीच विद्या परक्या अंगणात गेल्यावर आपण का विसरतो, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे.

पहिले कारण डोळ्यांना दिसणारे आहे. मराठीत 'मुलाला' हा एकच शब्द आहे. 'ला' हा 'मुला'ला चिकटलेला असतो, आणि 'मुला' हे रूप संबोधन सोडले तर एकटे कधी कानावर पडत नाही. त्यामुळे मूळ शब्द बदलतो आणि मग प्रत्यय लागतो, या दोन पायऱ्या आपल्याला वेगळ्या जाणवतच नाहीत. हिंदीत 'बेटे' आणि 'को' यांच्यामध्ये कोरी जागा असते. नामानंतरचा परसर्ग सुटा लिहायचा आणि सर्वनामानंतरचा जोडून लिहायचा, असा तिथला संकेत आहे. 'राम ने' पण 'उसने'. सुट्या लिहिलेल्या 'को'कडे पाहताना आपल्याला वाटते की तो स्वतंत्र शब्द आहे, मागच्या शब्दाशी त्याचे काही देणेघेणे नाही.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. हिंदीतली बहुसंख्य नामे एकवचनात परसर्गापुढे जराही हलत नाहीत. घर में, आदमी को, लड़की से, आलू में, मेज़ पर, बहू ने: यांतला कोणताही शब्द बदललेला नाही. मराठीत मात्र घरात, माणसाला, मुलीशी, बटाट्यात असे जवळजवळ प्रत्येक नाम कुठे ना कुठे वाकते. हिंदी शिकणाऱ्या मराठी माणसाला सुरुवातीला अशी दहा-वीस न बदलणारी नामे भेटतात, आणि हिंदीत सामान्यरूप ही भानगडच नाही, असा सुखद गैरसमज तो करून घेतो. एकवचनात वाकणारा वर्ग प्रामुख्याने एकच आहे: शेवटी 'आ' असलेली पुल्लिंगी नामे. लड़का–लड़के को, ताला–ताले में, घोड़ा–घोड़े पर, रुपया–रुपये में, कुआँ–कुएँ से. वर्ग एकच, पण रोजच्या बोलण्यातले निम्मे सामान त्यातच भरलेले आहे: दरवाज़ा, कमरा, कपड़ा, पैसा, रास्ता, खाना, डिब्बा, चश्मा, बेटा.

याच ठिकाणी मी आणखी एक सापळा स्वतःसाठी तयार करून ठेवला होता. मराठीत आकारान्त स्त्रीलिंगी नामाचे सामान्यरूप एकारान्त होते: शाळा–शाळेत, भाषा–भाषेत, परीक्षा–परीक्षेला. हिंदीत आकारान्त पुल्लिंगी नामाचे रूप एकारान्त होते. म्हणजे 'आ'चा 'ए' दोन्ही भाषांत होतो, पण विरुद्ध लिंगांत. 'को आला की झुकायचे' हे एकदा मनावर घेतल्यावर मी उत्साहाने 'परीक्षे में' आणि 'भाषे के बारे में' असे लिहू लागलो. हिंदीत परीक्षा, भाषा, कविता, माता ही स्त्रीलिंगी नामे एकवचनात ताठच राहतात: 'परीक्षा में', 'भाषा के बारे में'. उलट मराठीतला पुल्लिंगी 'घोडा' 'घोड्या' होतो, 'घोडे' होत नाही. तेव्हा कानाला ओळखीचा वाटणारा 'ए' मराठी माणसाने हिंदीत लिंग तपासल्याशिवाय वापरू नये.

अनेकवचनात मात्र हिंदी कुणालाच सोडत नाही. लड़कों को, घरों में, आदमियों से, लड़कियों का, मेज़ों पर, माताओं ने, बहुओं को: नाम कोणतेही असो, लिंग कोणतेही असो, शेवटी 'ओं' येतो. मराठीत अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार येतो: मुलांना, घरांत, मुलींचा. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी मराठीतले कितीतरी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, पण हा ठेवला, कारण 'घरात' आणि 'घरांत' यांतला फरक तोच सांगतो. हिंदीचा 'ओं' आणि मराठीचा 'आं' हे एकाच घरातले आहेत. संस्कृतातल्या षष्ठीच्या अनेकवचनाचा 'आनाम्' प्राकृत–अपभ्रंशातून झिजत झिजत दोन्हीकडे आला आणि नाकातल्या उच्चारापुरता उरला.

या इतिहासाबद्दल थोडे लिहायला हवे, कारण त्यावाचून हा सगळा प्रकार निव्वळ छळ वाटतो. संस्कृतात नामाला विभक्तीचे प्रत्यय थेट लागत आणि प्रत्येक विभक्तीचे रूप वेगळे असे. पुढे हे प्रत्यय उच्चारात इतके झिजले की रूपे एकमेकांत मिसळली, आणि ढोबळमानाने दोनच रूपे हाती राहिली. एक कर्त्याचे सरळ रूप आणि दुसरे बाकी सर्व कामांसाठीचे. या दुसऱ्या रूपावरून नेमका संबंध कळेना, म्हणून त्याच्यामागे स्पष्टीकरणासाठी नवे शब्द उभे राहिले. हिंदीचा 'में' हा 'मध्य' या शब्दाचा झिजलेला अवशेष आहे. मराठीत 'मध्ये' अजून धडधाकट आहे. हिंदीचा 'पर' आणि मराठीचा 'वर' हे दोघेही 'उपरि'चे वंशज आहेत. तेव्हा 'घोड़े पर' आणि 'घोड्यावर' यांत 'घोड़े' आणि 'घोड्या' हे जुन्या विभक्तीचे उरलेले खोड आहे, आणि 'पर' किंवा 'वर' ही त्याला नंतर लावलेली टेकू-काठी. आपण मराठीत काठी खोडाला बांधून टाकली, हिंदीने ती शेजारी उभी ठेवली, एवढाच फरक.

काठी शेजारी उभी ठेवण्याचे काही फायदे हिंदीला मिळाले आहेत, आणि भाषांतर करताना मला त्यांचा हेवा वाटतो. हिंदीत 'राम, श्याम और मोहन ने' असे म्हणता येते; तिघांसाठी एकच 'ने' पुरतो. मराठीत एकतर 'रामने, श्यामने आणि मोहनने' अशी माळ लावावी लागते, नाहीतर 'राम, श्याम आणि मोहन यांनी' असे म्हणून 'यां'च्या खुंटीवर प्रत्यय टांगावा लागतो. आपल्या वर्तमानपत्री मराठीत 'यांनी', 'यांना', 'यांच्या' यांचा जो सुळसुळाट आहे त्याचे मूळ बरेचसे इथे आहे. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचे ते याच्या पुढे आहे. हिंदीत 'घोड़े और गधे को पानी दो' असे म्हणताना 'को' हा 'गधे'च्या शेजारी आहे, 'घोड़े'च्या नाही. मध्ये 'और गधे' एवढे अंतर असूनही 'घोड़ा' झुकलेलाच आहे. म्हणजे परसर्ग केवळ शेजारच्या शब्दाला नव्हे, तर आपल्या ताब्यातल्या सबंध पदसमूहाला वाकवतो. माझ्या सहकाऱ्यांच्या वाक्यातला 'सब' हा शब्द मला तेव्हा अतिशयोक्तीचा वाटला होता. तो काटेकोर होता.

'सब'मध्ये विशेषणे येतात, दर्शक सर्वनामे येतात आणि 'का' हा परसर्ग स्वतःही येतो. 'काला घोड़ा' चा 'काले घोड़े पर' होतो. 'यह लड़का' चा 'इस लड़के को' होतो, 'वह' चा 'उस', 'कौन' चा 'किस', 'कोई' चा 'किसी'. 'भाई का कमरा' यातला 'का' पुढे 'में' आल्याबरोबर 'भाई के कमरे में' असा 'के' होतो. म्हणजे जो स्वतः इतरांना वाकवतो, तोही आपल्या पुढच्या परसर्गासमोर वाकतो. मराठीत हेच 'भावाची खोली' आणि 'भावाच्या खोलीत' यांत घडते. 'चा, ची, चे' तिघेही 'च्या' होतात. मात्र इथे हिंदी लिंगभेद सांभाळते आणि मराठी तो सोडून देते. 'काळा घोडा', 'काळी गाय' आणि 'काळे कुत्रे' ही तिन्ही मराठीत 'काळ्या घोड्याला, काळ्या गाईला, काळ्या कुत्र्याला' अशी एकाच साच्यात पडतात. हिंदीत 'काले घोड़े को' पण 'काली गाय को', 'भाई के कमरे में' पण 'भाई की गाड़ी में'. 'के बारे में', 'के साथ', 'के पास' यांत 'के' आहे आणि 'की तरफ़', 'की ओर', 'की तरह' यांत 'की' आहे, हे मी कितीतरी दिवस पाठ करत होतो. नंतर लक्षात आले की 'तरफ़', 'ओर', 'तरह' ही मुळात स्त्रीलिंगी नामे आहेत आणि 'का' त्यांच्याशी नेहमीप्रमाणे जुळवून घेतो. पाठांतराची गरजच नव्हती.

इंदूरमध्ये असताना मी स्वतःसाठी एक वाक्य तयार केले होते: 'उस पुराने काले दरवाज़े के पीछे वाले छोटे कमरे में'. मूळ सरळ रूपे ओळीने ठेवली तर ती अशी होतील: वह, पुराना, काला, दरवाज़ा, वाला, छोटा, कमरा. शेवटी एक 'में' आणि मध्ये एक 'के पीछे'. त्यांचा परिणाम उजवीकडून डावीकडे पहिल्या शब्दापर्यंत पोचतो. बोलणाऱ्याला 'उस' म्हणतानाच ठाऊक असावे लागते की सात-आठ शब्दांनंतर आपण परसर्ग लावणार आहोत. मराठीतही 'त्या जुन्या काळ्या दरवाज्यामागच्या छोट्या खोलीत' असे म्हणताना आपण तेच करतो, आणि ते इतके सहज करतो की करतो हे कळत नाही. परभाषेत मात्र वाक्य तोंडातून निघाले तरी त्याचा शेवट अजून ठरलेला नसतो, म्हणून 'वह पुराना काला दरवाज़ा...' अशी ताठ मानेने सुरुवात होते आणि 'में' आल्यावर फार उशीर झालेला असतो.

वाचतानाची अडचण वेगळी आहे. 'डिब्बे' म्हणजे एक की अनेक? मराठीत डबा, डबे, डब्या(त), डब्यां(त) अशी चार रूपे आहेत. हिंदीत डिब्बा, डिब्बे, डिब्बे (में), डिब्बों (में) अशी तीनच, कारण अनेकवचनाचे सरळ रूप आणि एकवचनाचे तिर्यक रूप दिसायला सारखेच आहे. 'डिब्बे खाली हैं' यात डबे अनेक आहेत. 'डिब्बे में चावल है' यात एकच. हिंदी भाषकाला यात संदिग्धता जाणवत नाही, कारण पुढचा 'में' त्याने आधीच हिशेबात धरलेला असतो. मराठी भाषांतरकार मात्र घाईत असला की 'कमरे में'चे 'खोल्यांमध्ये' करून मोकळा होतो. हे मी स्वतः छापील मजकुरात केलेले आहे.

काही शब्द झुकत नाहीत, आणि त्यांची यादी मराठी माणसाला गंमतीची वाटेल. राजा, पिता, चाचा, मामा, दादा, नाना: 'राजा ने', 'पिता को', 'मामा से'. मराठीतही 'राजाला', 'मामाला', 'काकाला', 'दादाला' असेच म्हणतात, 'माम्याला' कुणी म्हणत नाही. राजा आणि पिता हे संस्कृतातून प्रथमेच्या रूपात जसेच्या तसे उचललेले शब्द आहेत, आणि मामा, चाचा, दादा ही एकच अक्षर दोनदा उच्चारून झालेली नाती. घरातली धाकटी आणि सासुरवाडीकडची मंडळी मात्र झुकतात: बेटा–बेटे को, पोता–पोते को, भतीजा–भतीजे को, साला–साले को. वडीलधारे ताठ आणि धाकटे लवलेले, असा यातून कुटुंबव्यवस्थेचा अर्थ काढण्याचा मोह होतो, पण तो योगायोग आहे.

शहरांच्या नावांत हिंदी सध्या बदलते आहे. जुन्या पद्धतीने 'आगरे से', 'पटने में', 'कलकत्ते का' असे म्हणत, आणि बोलण्यात ते अजून ऐकू येते. छापील आणि सरकारी हिंदीत 'आगरा से', 'पटना में' हेच स्थिरावलेले आहे. 2001 मध्ये कलकत्त्याचे अधिकृत नाव कोलकाता झाले आणि 'कोलकाता में' हे न झुकणारे रूपच रूढ झाले. मराठी या बाबतीत अजिबात ऐकत नाही. आपण 'आग्र्याहून सुटका' म्हणतो, पाटण्याला जातो, गोव्यात राहतो, इतकेच काय पण अमेरिकेलाही 'अमेरिकेत' असे वाकवतो. हिंदीत 'गोवा में' आणि 'अमेरिका में' असेच म्हणावे लागते. मला व्यक्तिशः 'आगरे से' अधिक आवडते, कारण नाव झुकले की गाव भाषेत मुरल्यासारखे वाटते. परकीय शब्दांचेही तेच आहे. 'कमरा' हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द इतका मुरला की त्याचा 'कमरे में' होतो. 'सोफ़े पर' आणि 'कैमरे में' हेही झाले. 'डेटा' अजून ताठ आहे, आणि मराठीतही 'कॅमेऱ्यात' झाले तरी 'डेटामध्ये'च चालते.

कधी कधी परसर्ग दिसत नाही आणि तरीही शब्द झुकलेला असतो. 'अगले महीने आऊँगा', 'वह फ़िल्म देखने गया', 'मेरे यहाँ आइए': इथे 'को' किंवा 'में' गळून पडला आहे, पण त्याच्यापुढे वाकलेला शब्द पुन्हा सरळ झालेला नाही. उलट प्रकार मोजमापाचा. 'दो घंटे में', 'पाँच दिन में', 'चार रुपये में' यांत संख्या अनेक असूनही 'घंटों', 'दिनों' होत नाही, कारण एकत्र मोजलेले माप ही एकच गोष्ट धरली जाते. मराठीत आपण 'दोन तासांत', 'पाच दिवसांत' असा अनुस्वार देतो, त्यामुळे 'दो घंटों में' असे लिहायला हात शिवशिवतो.

संबोधनाबद्दल एक तक्रार नोंदवायलाच हवी. हिंदीत हाक मारताना अनेकवचनी रूपावर अनुस्वार नसतो: 'लड़को', 'भाइयो और बहनो'. अनुस्वार दिला की ते परसर्गाची वाट पाहणारे तिर्यक रूप होते. तरीही फलकांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर सर्रास 'भाइयों और बहनों' दिसते, आणि ते लिहिणारे बहुधा हिंदी भाषकच असतात. 'मित्रांनो' म्हणताना आपण अनुस्वार द्यायचा आणि 'मित्रो' म्हणताना त्यांनी द्यायचा नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. एकवचनात व्याकरण 'बेटे' म्हणायला सांगते, पण आईवडील 'बेटा, इधर आ' असेच म्हणतात, आणि त्यांना सुधारायला कोणी जाऊ नये.

राहिले 'मेरेको'. मुंबईच्या हिंदीतल्या या रूपाला शुद्धतावादी नाक मुरडतात, कारण प्रमाण हिंदीत 'मुझको' किंवा 'मुझे' हवे. पण मराठीच्या बाजूने पाहिले तर त्यात एक तर्क दिसतो. आपण 'माझ्यासाठी', 'माझ्यावर', 'माझ्याकडे' म्हणतो, म्हणजे 'माझा'चे सामान्यरूप करून त्याला पुढचा शब्द जोडतो. 'मेरेको', 'मेरेसे', 'मेरे पे' यांत 'मेरा'चे तिर्यक रूप अगदी तसेच वापरलेले आहे. हे रूप दिल्लीकडच्या बोलण्यातही आढळते, त्यामुळे ते सगळेच मराठीच्या खात्यावर टाकता येणार नाही. पण मराठी माणसाच्या तोंडी ते इतक्या सहज का बसते, हे यावरून समजते.

सर्वनामांतच माझ्या सहकाऱ्यांच्या नियमाला एक अपवाद निघाला, आणि तो मला सापडला याचा मला बालिश आनंद झाला होता. 'मुझको', 'मुझसे', 'मुझमें' असे सगळीकडे झुकणारा 'मैं' हा 'ने'पुढे मात्र सरळ उभा राहतो: 'मैंने', 'तूने'. 'उसने', 'किसने' झुकतात. हे दोघे नाही. मराठीत तर 'मी' आणि 'तू' यांना 'ने' लागतच नाही: 'त्याने पुस्तक वाचले', पण 'मी पुस्तक वाचले'. कारण 'मैं' आणि 'मी' हे दोन्ही शब्द संस्कृतातल्या 'मया' या तृतीयेच्या रूपातून आलेले आहेत. 'माझ्याकडून' हा अर्थ त्यांच्या पोटातच होता. मराठीने तो पुरेसा मानला, हिंदीने वरून आणखी एक 'ने' लावला. ही शंका मी त्यांच्यासमोर मांडली तेव्हा त्यांनी चष्मा काढला, 'मैंने' हा शब्द कागदावर एकदा लिहून पाहिला आणि म्हणाले, "हाँ, ये नहीं झुका." मग माझ्याच पुढच्या अर्जातल्या 'इस महीना के अंत में' या शब्दांखाली रेघ ओढून कागद त्यांनी मला परत केला.